भौतिकोपचाराचा अभ्यासक्रम आणि खानदेशाची पाठ

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची भौतिकोपचार पदवीची विषयपत्रिका चाळली, तर ती पहिल्या नजरेला डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमाची धाकटी बहीण वाटते. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि व्यायामोपचार व विद्युतोपचार यांची मूलतत्त्वे. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र, आणि त्यांच्या जोडीला शरीराच्या हालचालींचे शास्त्र, म्हणजे कायनेसिऑलॉजी. तिसऱ्या वर्षी मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, सामाजिक आरोग्य. शेवटच्या वर्षी हाडे-स्नायू, मज्जासंस्था, हृदय-फुप्फुसे आणि समाज अशा चार अंगांनी प्रत्यक्ष भौतिकोपचार, आणि त्यावर सहा महिन्यांची इंटर्नशिप. साडेचार वर्षांचा हा आराखडा मुंबईच्या केईएममध्ये जसा शिकवला गेला, तसाच जळगावच्या डॉ. उल्हास पाटील भौतिकोपचार महाविद्यालयातही. पण ही पत्रिका कुणा विद्वानांच्या समितीने एका बैठकीत आखलेली नाही. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक विषय कुठल्या तरी शहरातल्या, कुठल्या तरी काळातल्या रुग्णांनी आपल्या दुखण्याच्या जोरावर आत आणला आहे. कोणाचे दुखणे विषय झाले आणि कोणाचे झाले नाही, हा या पदवीचा खरा इतिहास. खानदेशातून पाहिले की तो अधिक स्पष्ट दिसतो, कारण ज्यांची दुखणी कधीच विषय झाली नाहीत अशी माणसे इथे फार आहेत.

सुरुवात व्यायामाने झाली. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोमला सरकारी व्यायामसंस्था उभी केली, ती मुख्यतः सैनिकांच्या शरीरासाठी. तिथूनच ‘वैद्यकीय व्यायाम’ ही शाखा फुटली. विजेचा भाग फ्रान्समधून आला. ड्युशेन यांनी एकेका स्नायूला प्रवाह देऊन त्याचे काम शोधले आणि १८५५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. आजचा विद्यार्थी मोटर पॉइंट शोधायला शिकतो तेव्हा तो त्यांचाच मार्ग चालत असतो. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकारांची संस्था काढली, कारण मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांचा तेव्हा बोभाटा झाला होता आणि प्रामाणिक हातांना परीक्षा व प्रमाणपत्र यांचे संरक्षण हवे होते. परीक्षेची आणि व्यावसायिक शिस्तीची परंपरा तिथली. अमेरिकेत बोस्टनला १९१०च्या दशकात पोलिओ झालेली मुले तपासताना रॉबर्ट लोव्हेट आणि विल्हेल्मिन राइट यांनी हाताने स्नायूंची ताकद मोजण्याची पद्धत बसवली. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या पेशी निवडून मारतो, त्यामुळे मांडीचा एक स्नायू लुळा पडतो आणि शेजारचा धडधाकट राहतो; सबंध पाय ‘अशक्त’ म्हणून भागत नाही, एकेक स्नायू वेगळा तपासावा लागतो. शून्य ते पाच ही श्रेणी आज प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिक शक्य तितक्या लवकर उभे करायचे होते, तेव्हा थॉमस डिलॉर्म यांनी अमेरिकी लष्करी रुग्णालयात वाढत्या वजनांचा व्यायाम आखला आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्ह गथ्री-स्मिथ यांनी दोऱ्या-झोळ्यांनी अवयव टांगून व्यायाम देण्याची रीत रुळवली. व्यायामोपचाराच्या प्रयोगशाळेत आजही लोखंडी जाळी आणि तिला लटकणाऱ्या झोळ्या दिसतात, त्या तिथून आलेल्या. छातीचा भौतिकोपचार लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या फुप्फुसांच्या रुग्णांकडून आला, पक्षाघाताच्या उपचाराला बर्टा आणि कारेल बोबाथ यांनी वळण दिले. लष्कर, पोलिओ, फुप्फुसे, मेंदू: प्रत्येक वेळी रुग्ण एका ठिकाणी मोठ्या संख्येने गोळा झाले, त्यांच्यामागे सरकार, रुग्णालय किंवा हट्टी आईबाप उभे राहिले, आणि मगच विषय तयार झाला.

मुंबईतही तसेच घडले. १९४९ साली शहरात पोलिओची साथ आली आणि त्याच साली तिथे पोलिओ संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४७ मध्ये, स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या फातेमा इस्माईल यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना उघडला होता; त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता आणि उपचारासाठी वणवण केल्यावर देशात या कामासाठी माणसेच तयार होत नाहीत हे त्यांना उमगले होते. मग १९५२-५३च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना, केंद्र सरकार आणि मुंबई महापालिका यांनी मिळून केईएम रुग्णालयात देशातली पहिली भौतिकोपचार शाळा उभारली. १९५५ साली हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली, आणि त्याच वर्षी भारतीय भौतिकोपचार तज्ज्ञांची संघटना. इतकी घाई, इतका पैसा आणि परदेशातून शिक्षक आणण्याची तयारी, हे सारे पोलिओने घडवून आणले. याच काळात तमिळनाडूत वेल्लोरला पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करत होते. एका स्नायूची दोरी सोडवून दुसऱ्या कामाला लावली, तर मेंदूला ते नवे काम शिकवावे लागते, आणि ते शिकवणारा माणूस भौतिकोपचारवाला असतो. बधिर हातापायांची जखमांपासून राखण, चपलेचा तळवा कसा असावा, चुलीवरचे भांडे कसे उचलावे, हे धडे भारतीय रुग्णांनी जगाच्या अभ्यासक्रमाला दिले. या उदाहरणाकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण विषय नेहमी बाहेरूनच आयात होतो ही समजूत ते मोडून काढते.

आता खानदेशाकडे वळू. १८६०च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव चढला होता, आणि पुढच्या काही दशकांत जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव या पट्ट्यात जिन आणि प्रेस उभे राहिले. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल ही नावे नंतर घराघरात गेली. पण त्याआधी आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त माणसे, विशेषतः बाया, हंगामी जिनांत सरकी वेगळी काढण्याच्या कामावर होती. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा या माणसांना लागूच होत नव्हता. शंभरांहून कमी कामगार असलेला किंवा वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारा कारखाना त्यातून वगळला होता, आणि जिन म्हणजे हंगामाचाच धंदा. १८८५ साली मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांमधल्या कामाच्या अमानुष तासांची साक्ष नोंदली गेली; १८९१चा कायदा येण्यामागच्या कारणांत अशा साक्षीही होत्या. म्हणजे इथल्या कामगाराचे तास सरकारी कागदावर आले. त्याचे शरीर मात्र आले नाही. आरोग्य खात्याने प्लेग, पटकी, देवी, हिवताप मोजले, कारण ते पसरत आणि मारत. पाठ मारत नाही. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने हात, पाय, डोळा, अंगठा यांच्या नुकसानीची टक्केवारी ठरवली, पण ती अपघाताने गेलेल्या अवयवाची. वर्षानुवर्षे वाकून झिजलेल्या कण्याला त्या तक्त्यात ओळ नव्हती. १९०६ साली जिल्हा पूर्व आणि पश्चिम खानदेशात विभागला गेला, प्रशासन जवळ आले, दवाखाने वाढले. तरी कापूस वेचणारी बाई किंवा प्रेसमध्ये गाठी वाहणारा हमाल ‘पाठीचा रुग्ण’ म्हणून कुठल्या रुग्णालयात गोळा झाला नाही. हंगाम संपला की तो गावी परतायचा. सैनिकाच्या मागे सरकार उभे होते, पोलिओच्या मुलामागे शहरातले आईबाप होते. हंगामी मजुराच्या दुखण्यामागे कोणी उभे राहिले नाही, म्हणून तो विषय झाला नाही. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि त्याला पुरावा म्हणून मी या कायद्यांची कलमे पुढे करतो: कलमांतून जे वगळले गेले, तेच अभ्यासक्रमातूनही वगळले गेले.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. खानदेशात शरीर सांभाळणारी विद्या नव्हती असे कसे म्हणता? तालमी होत्या, मल्लखांब होता, पहिलवानांचे तेल आणि रगडणे होते. गावोगाव हाड बसवणारे, लचक काढणारे, लेप लावून बांबूच्या कामट्या बांधणारे जाणकार होते, अजूनही आहेत. हा आक्षेप मी झटकत नाही. त्या हातांत स्पर्शाचे जे ज्ञान होते, ते चार वर्षांच्या वर्गातून सहज येत नाही, आणि माणसे त्यांच्याकडे अंधश्रद्धेपोटी नव्हे तर गुण येतो म्हणून जात. निखळलेला खांदा दहा मिनिटांत जागेवर आलेला ज्याने पाहिला, त्याला पदवीचे महत्त्व पटवून देणे सोपे नाही. तरीही फरक आहे, आणि तो कौशल्याचा कमी, मर्यादेचा जास्त आहे. कामट्या घट्ट बांधल्या की हाताचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. फोल्कमान यांनी १८८१ साली वर्णन केलेली ही विकृती भारतातल्या अस्थिरोग विभागांत पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली, आणि तिच्यामागे बहुतेकदा अशीच पट्टी असे. पाठ दुखते म्हणून रगडायला आलेल्या माणसाच्या मणक्यात क्षयाची गाठ असू शकते. सुजलेल्या पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती चोळली तर जिवावर बेतते. विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मेडिसिन हे विषय भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्याला कशासाठी, असे विचारणाऱ्यांना उत्तर इथे आहे. ते विषय हात कुठे थांबवायचा हे शिकवण्यासाठी आहेत. पोटरीला हात लावण्याआधी दहा प्रश्न विचारणे ही सवय गुरू-शिष्य परंपरेतल्या एखाद्या चांगल्या जाणकाराला असेलही. पण सगळ्यांना ती असेल याची खात्री परीक्षेशिवाय देता येत नाही. लंडनच्या त्या चार परिचारिकांनी १८९४ मध्ये नेमके हेच ओळखले होते.

वैद्यकीय शिक्षण खानदेशात उशिरा आले. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आज श्री भाऊसाहेब हिरे यांच्या नावाने ओळखले जाणारे, १९८०च्या दशकाच्या अखेरीचे. त्याच्या पाठोपाठ धुळ्यातच खासगी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, पण आरोग्यशिक्षण फार काळ स्थानिक विद्यापीठाकडे राहिले नाही. १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभे राहिले आणि सबंध राज्याचा अभ्यासक्रम एका छत्राखाली गेला. भौतिकोपचाराचे शिक्षण जळगावात पोचले ते या छत्राखालीच. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तर २०१८चे, आणि चिंचोलीच्या नियोजित वैद्यकीय संकुलाच्या आराखड्यात भौतिकोपचार महाविद्यालयाचाही समावेश आहे. एके काळी ज्या विषयासाठी इथल्या मुलांना मुंबई, पुणे, नागपूर गाठावे लागे तो घराजवळ आला, ही लहान गोष्ट नव्हे. मुलींना तर त्याचा फार फायदा झाला. पण अभ्यासक्रम आला तो तयार होऊन आला. त्यातला पोलिओ आता रुग्ण म्हणून भेटत नाही: देशातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त घोषित झाला. शिकलेली स्नायूपरीक्षा वाया जात नाही, ती पक्षाघाताला, अपघाताला, मज्जातंतूंच्या आजारांना उपयोगी पडते. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यांवरच्या अपघातांनी दिलेले मणके आणि गुडघे इथल्या रुग्णालयांना नवे नाहीत. हे रुग्ण अभ्यासक्रमाला ओळखीचे आहेत. ओळखीचे नाहीत ते दुसरे.

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीचा घड वीस-पंचवीस किलोंचा भरतो. कटाईच्या दिवशी मजूर तो खांद्यावर किंवा डोक्यावर घेऊन ओल्या, चिखलाळ बागेतून गाडीपर्यंत नेतो, आणि परत फिरतो, दिवसभर हेच. कापसाच्या वेचणीत बाई कमरेला झोळी बांधून तासन्‌तास अर्धी वाकलेली असते, झोळी भरत जाते तसा भार पुढे ओढतो आणि कमरेचे स्नायू त्याला तोलून धरतात. जळगावच्या डाळ मिलमधला हमाल, बाजार समितीतला तोलाईवाला यांना १९६९च्या माथाडी कायद्याने निदान मजुरीचे आणि भविष्यनिर्वाहाचे नाव दिले; शेतातल्या बाईला तेही नाही. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतून झाली, म्हणजे केईएमची शाळा उभी राहत होती त्याच सुमारास. या आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पोचत नाही, तरुण वयात खुबा ढासळतो, आणि लंगडत चालणारा विशीतला मुलगा मजुरीला मुकतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत जागा दिली. मज्जातंतूंच्या आणि हृदयाच्या पुनर्वसनावर जितके तास विद्यार्थी घालवतो त्याच्या तुलनेत या खुब्याला मिळणारी जागा नाममात्र आहे. कुष्ठरोगाचे नवे रुग्ण खानदेशात आजही सापडतात, आणि वेल्लोरचे धडे पुस्तकात असले तरी वर्गात ते इतिहासासारखे शिकवले जातात. मोजमापाचीही हीच गत. खुर्चीवरून उठायला गुडघा साधारण शंभर अंशांपर्यंत वाकला की पुरते. उकिडवे बसून भाकरी थापायला, निंदणी करायला, शौचाला बसायला तो एकशेतीस अंशांच्या पुढे वाकावा लागतो. परदेशी श्रेणीत शंभर अंशांना ‘चांगला’ ठरलेला गुडघा यावलच्या शेतात निकामी असतो. हे शिक्षक जाणतात, बरेच जण तोंडी सांगतातही. पण जे परीक्षेत विचारले जात नाही ते पुढच्या पिढीपर्यंत शिक्षकाच्या मर्जीने पोचते, किंवा पोचत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अभ्यासक्रम देशभर, शक्य तर जगभर सारखाच असावा. आज जळगावात शिकलेली मुलगी उद्या बंगळुरूला किंवा लंडनला नोकरी करणार, तिला केळीच्या घडांचे काय? शिवाय प्रत्येक जिल्ह्याने आपापले विषय घुसवायला सुरुवात केली, तर दर्जा कोण राखणार? सारखेपणाची गरज मला मान्य आहे. राज्याचा २००२चा व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद कायदा आणि केंद्राचा २०२१चा संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायदा यांच्यामागे हीच गरज होती, आणि नोंदणीशिवाय कोणीही पाटी लावावी ही अवस्था त्याहून वाईट होती. पण या आक्षेपात एक गृहीतक लपलेले आहे: जे आज सार्वत्रिक आहे ते जन्मतःच सार्वत्रिक होते. बोस्टनची स्नायूपरीक्षा बोस्टनच्या मुलांवर बसली. वेल्लोरची बोटे वेल्लोरच्या भिकाऱ्यांची होती. कोणी तरी आपल्या दारातला रुग्ण नीट मोजला, लिहिला, छापला, आणि मग ते ज्ञान सगळ्यांचे झाले. कापूस वेचणाऱ्या बाईचा कणा जळगावात मोजला गेला, तर तो यवतमाळच्या, वारंगळच्या, इजिप्तच्या बाईलाही उपयोगी पडेल. त्यासाठी पदवीचा आराखडा मोडायची गरजही नाही. ‘समाजाधारित भौतिकोपचार’ हा विषय शेवटच्या वर्षात आहेच, आणि त्यात कामाच्या जागेवरच्या ताणाचा भाग आहे. त्यातली उदाहरणे आजवर कार्यालयातल्या खुर्चीची आणि संगणकाची जास्त. ती जिनाची, बागेची, डाळ मिलची करायला कोणत्याही कायद्याची परवानगी लागत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये भौतिकोपचार तज्ज्ञांनी नावाआधी ‘डॉक्टर’ लावावे की नाही यावर केंद्रीय आरोग्य संचालनालयाचे पत्र निघाले आणि लगेच मागेही घेतले गेले. त्यावर पानेच्या पाने छापली गेली. स्वायत्ततेचा प्रश्न खरा आहे, कारण दशकानुदशके या व्यवसायाला दुसऱ्याच्या चिठ्ठीवर काम करणारा मदतनीस मानले गेले. तरी त्याच वर्षी आयोगाने जाहीर केलेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली, याची मला खंत वाटते. पदवी आता इंटर्नशिपसह पाच वर्षांची, आणि इंटर्नशिप सहा महिन्यांची नव्हे तर पूर्ण वर्षाची असावी असे त्यात म्हटले आहे. खानदेशाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न या जादा सहा महिन्यांचा आहे. ते शहरातल्या रुग्णालयाच्या यंत्रांपाशी गेले तर अभ्यासक्रम लांबला, एवढेच. ते चोपड्याच्या, शिरपूरच्या, साक्रीच्या, धडगावच्या सरकारी रुग्णालयांत गेले, वेचणीच्या आणि कटाईच्या हंगामात गेले, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडून ठरावीक रुग्णांची मोजमापे एकाच नमुन्यात लिहून घेतली, तर पाच-सहा वर्षांत जिल्ह्याकडे अशा नोंदी असतील ज्या १८८५च्या कमिशनकडे नव्हत्या आणि आजही कोणाकडे नाहीत. वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचाराची सोय २०१० पासून अपेक्षित आहे. तालुक्याच्या पातळीवर मात्र पूर्णवेळ भौतिकोपचार तज्ज्ञाचे पद हीच अजून मागणी आहे. पदे मागायला जाणाऱ्यांच्या हातात त्या नोंदींचे गठ्ठे असावेत.